कानावर बसलेली गोळी

रावजीला ऐकू येत नाही, हे त्याच्या बायकोला, बजाबाईला, फार उशिरा कळलं. यात तिला दोष देऊ नये. केम गावाहून सोलापुरात येऊन ज्या माणसानं उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणल्या, त्याला ऐकू येतंय की नाही हे ओळखणार कसं? मागांच्या खडखडाटात साक्षात ब्रह्मदेव येऊन बोलला तरी कुणाला ऐकू जायचं नाही. तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखतात. रावजी तर त्यात इतका तरबेज, की पलीकडच्या रांगेतली चहाडी उभ्या जागी वाचायचा. घरी आल्यावरही बायको बोलायला लागली की तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. बजाबाईला वाटायचं, या वयातही नवरा आपल्याला निरखतो. भोळी बिचारी.

काम सुटल्यावर मात्र पितळ उघडं पडलं. पाठमोरं बोललेलं त्याला काहीच कळत नव्हतं. मग ती ओरडून बोलायला लागली, आणि घरातली गोष्ट गल्लीत जायला लागली. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घरात कान होते ते भिंतीलाच.

तिला ओरडण्याचा त्रास नव्हता. पण एक गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. त्यांचं पहिलं पोर तापानं गेलं, तेव्हा रावजी रातपाळीला होता. सकाळी आला तो सगळं संपल्यावर. त्या रात्री पोर काय बोललं, कसं गेलं, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. "काम सुटू दे, मग निवांत बोलू," असं तो कशालाही म्हणायचा, तसं तेव्हाही म्हणाला. तिनं ते उराशी धरून ठेवलं. आणि ती गोष्ट, कुणी तोंडाकडं टक लावून बघत असताना, तिच्यानं बोलवणार नव्हती. खाली मान घालून, हळू आवाजातच ती सांगता येणार होती.

शेवटी मुलीनं, अंकितानं, पुण्याहून येऊन बापाला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बरोबर बजाबाई होतीच. बाईंनी कान तपासले, कानात शिट्टी वाजते का विचारलं, आणि मग गोळ्या कुठल्या घेता ते विचारलं. गुडघ्यांसाठी रावजी पाण्यात फसफसणारी गोळी घ्यायचा. डोकं दुखलं तर एखादी घ्यावी अशी ती गोळी, हा पठ्ठ्या दिवसाला दहा-बारा रिचवत होता.

"आजी, कानाच्या आत बारीक पेशी असतात," बाई म्हणाल्या. "त्यांच्या अंगात एक प्रथिन असतं. आवाज आला की ते आखडतं, पसरतं, आणि बारीक आवाजाला जोर देतं. या गोळीतलं औषध नेमकं त्याच प्रथिनावर जाऊन बसतं, त्याला हलू देत नाही. गोळी थांबवली की ते औषध उठून जातं, आणि ऐकू येणं पुष्कळदा परत येतं. पण मागांच्या आवाजानं त्या पेशीच मेल्या असतील, तर त्या परत येत नाहीत. ऐकणं गोळीनं किती खाल्लं आणि मागांनी किती, ते गोळी उतरल्यावरच कळेल."

बजाबाईनं सगळं ऐकलं. घरी मात्र त्यातलं अर्धंच आणलं. गोळी उठणार आणि नवरा ऐकणार.

बाईंनी ती फसफसणारी गोळी बंद करून साधीशी दुसरी गोळी दिली होती. मूत्रपिंडावर ताण आलाय, जोराचं औषध नको म्हणाल्या. त्या गोळीला गुडघे काही जुमानेनात. रावजी भिंत धरून मोरीपर्यंत जायचा, झोपेत कण्हायचा. पण तीन-चार दिवसांतच कानातली शिट्टी थांबली. बजाबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

"च्या टाकू का?" ती समोर बसून हळूच विचारायची.

"टाक की."

"गुडघं लई दुखत्यात?"

"व्हय. पर सोसतो की."

हळू बोललेलंही कळत होतं. आणखी काय पाहिजे? ती दिवसभर त्याच्यासमोर ठाण मांडून बोलत राहायची, अन् तो हसून मान डोलवायचा. एवढं सुख तिला लग्नानंतर कधी लाभलं नव्हतं. आता तिखटाचं काम उरकलं की ती गोष्ट सांगायची, असं तिनं ठरवूनही टाकलं.

तिखटासाठी मिरच्या भाजायला बसली, तेव्हा ठसका लागू नये म्हणून तिनं पदर नाकातोंडाला घट्ट बांधला. रावजी समोरच भिंतीला टेकून बसला होता.

"अवो, ते सूप द्या जरा," ती म्हणाली.

रावजी तिच्याकडं बघत राहिला.

"सूप वो. तुमच्या मागं हाय."

तो तसाच. मग चाचरत म्हणाला, "व्हय की."

बजाबाईच्या हातातलं उलथनं थांबलं. तिनं पदर खाली ओढला. मिरच्या करपायला लागल्या होत्या.

"तुमाला ऐकाय येत न्हाय," ती म्हणाली.

रावजीनं ते वाचलं. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "शिट्टी गेली, तवाच कळलं," तो म्हणाला. "शिट्टीच्या मागं कायच न्हवतं."

"मग बोलला का न्हाय? गुडघं जाळत का बसला?"

"तू लई बोलत हुतीस," तो म्हणाला. "बरं वाटत हुतं बघाय."

बजाबाईला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. ती उठली, फळीवरची जुनी गोळी काढली, पाण्यात टाकली आणि पेला त्याच्या हातात दिला. आता कुठल्या कानासाठी ती बंद ठेवायची? त्यानं पाणी पिऊन टाकलं. खोलीत धूर कोंडला होता. त्याला ठसका लागला, डोळ्यांत आग झाली. डोळे गच्च मिटून त्यानं डोकं भिंतीला टेकवलं.

बजाबाईनं चूल विझवली आणि त्याच्याशेजारी बसली. तो बघत नव्हता. खाली मान घालून, हळू आवाजात ती सांगायला लागली.

"त्या रातीला पोरानं तुमालाच हाक मारली हुती वो," ती म्हणाली, आणि पुढचंही सगळं सांगत गेली. ती बोलतेय याचा पत्ताच नसलेल्या रावजीनं मधेच, डोळे मिटूनच विचारलं, "मिरच्या करपल्या व्हय गं?"