कुंपणापाशी बसलेल्या अर्वोसाठी गोळी

बंदुकीची गोळी ओतायला शिसं कुठलं घ्यायचं, यावरून सकाळपासून माझं आणि दिराचं वाजत होतं. माझ्या नवऱ्याचं, अर्वोचं, हृदय निम्म्याच ताकदीनं चालतंय असं डॉक्टर म्हणाले होते. शिकारीला गेलाच तर कुंपणाजवळच्या ओंडक्यावर बसायचं, तिथून हलायचं नाही. पण जखमी हरीण टाकून घरी येणाऱ्याला आमच्याकडे कुणी दारात उभं करत नाही. गोळी लागूनही हरीण पळालं की हा दलदल तुडवत त्याच्यामागे टेकडीवर जाणार. मग मी काय करू? हरीण जागीच पडेल अशी गोळी ओतायची, एवढंच माझ्या हातात होतं.

"छापखान्यातले अक्षरांचे खिळे वितळव, वहिनी," ऑन्नी म्हणाला. "टणक गोळी आरपार जाते."

"टोकाला खळगा असतो तिच्या. टणक असली तर टोक फुलत नाही, फुटतं. आणि फुललं तरच हरीण जागी पडतं."

"तू कधीपासून एवढी शहाणी झालीस?"

"तुमच्या घरात आले तेव्हापासून. दुसरा इलाज नव्हता."

दोन्ही प्रकारच्या गोळ्या ओतून भिजलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर झाडून पाहिल्या. त्याच्या गोळीच्या टोकाचा चुरा झाला. मी जुन्या नळांचं मऊ शिसं घेतलं होतं, वीस भागांना एक भाग कथील. ती अळंबीसारखी फुलली आणि अखंड राहिली. ऑन्नीने आपले खिळे आवरून ठेवले. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. कागद म्हणजे काही हरीण नव्हे.

शनिवारी अर्वो ओंडक्यावर जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात कान लावून होते. एक बार ऐकू आला. पुढे काहीच नाही. हाक नाही, दुसरा बार नाही. हातातली कणीक तशीच टाकून, त्याच्या हृदयाच्या औषधाच्या गोळ्या खिशात कोंबून मी धावले.

ओंडक्यावर कुणी नव्हतं. मी कुंपणाशी धावले.

कुंपणापलीकडे, चार पावलांवर, तो हरणाशेजारी बर्फात बसला होता.

"पळालंच नाही गं. उभं होतं तिथंच पडलं," तो म्हणाला.

मी तिथेच बसून रडले. त्याने माझ्या हाताची कणीक पुसली. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर एवढं तेज पाहिलं नव्हतं.

"लेम्पी, अशी गोळी असताना म्हाताऱ्यासारखं ओंडक्यावर कशाला बसायचं? पुढच्या वर्षी टेकडीवर जातो. गोळी तूच ओत."

त्याला कुंपणापाशीच ठेवायला मी ती गोळी ओतली होती. आता तीच त्याला टेकडीवर नेणार होती, आणि माझ्या तोंडून नाही निघेना.