रानात बसवलेल्या शेळ्या

म्हस्कूनं फोटो पटक्याच्या घडीत खुपसला आणि एसटीत खिडकीशी बसला. अंथुर्ण्यापासून बारामतीपर्यंत तीन वेळा त्यानं डोक्याला हात लावून बघितला. हरवेल म्हणून नव्हे, कुणाला दिसेल म्हणून.

शेजारी त्याची लेक मनिषा. मांडीवर भावाचं पत्र.

मागच्या सीटवरून गावातल्या दादासाहेबानं मान पुढं काढली.

"म्हस्कूतात्या, साहेबाचा फोटू आला म्हणं. दावा की."

"घरी राह्यला."

"मडमेसंगं हाय काय?"

"तुझ्या पोराला इचार. पारावर बसून त्येला समदं जग दिसतं."

एसटी हसली. म्हस्कूनं तोंड खिडकीकडं केलं.

त्याचा पोरगा मल्हार जनावरांच्या दवाखान्याचं शिकलेला. आठ महिन्यांपूर्वी तो दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून पॅसिफिकमधल्या एका बेटावर गेला. म्हस्कूनं गावभर सांगितलं, पोरगं परदेशात साहेब झालं. आणि आता हा फोटो. अनवाणी, कमरेला फुलाफुलांचं फडकं, खांद्यावर आडवी काठी, काठीवर दोन्ही हात टाकलेले, पुढं पंधरा शेळ्या. म्हस्कू तरुणपणी मेंढरांमागं अस्साच उभा राहायचा. पोराला एका जागी शाळा मिळावी म्हणून त्यानं तो कळप विकला होता.

"पुन्हा वाच," तो हळूच म्हणाला.

मनिषा वाचू लागली. सुरुवातीला मला इथं कुणी कामच करू देत नव्हतं. चटईवर बसवायचे आणि सगळ्यांत मोठा मासा माझ्या पुढ्यात. मी खायचो आणि मला घर आठवायचं. आता बरं आहे. झावळ्यांची चटई विणतो, भाषा पोटापुरती येते, नारळ सोलताना कुणी हसत नाही. पण आबा, एक चूक झाली. मी ज्यांच्याकडं राहतो त्या लितियाबाईंच्या बागेत अळू धरत नव्हता. जमीन दमली होती. मी त्यांना न सांगता तीन रात्री तिथं शेळ्या बसवल्या. आपल्याकडं खतासाठी बसवतात तशा. इथं बागेत जनावर नेणं म्हणजे कुणाच्या घरात शिरून चूल लाथाडणं. आता कुणी बोलत नाही. जेवण दारात ठेवतात आणि जातात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला मोठ्या बेटावरून बारामतीच्या बूथवर फोन करतो. तुम्ही म्हणाल तर परत येतो.

बारामतीच्या स्टँडसमोरच्या बूथवर दहाला फोन वाजला. म्हस्कू काचेच्या खोक्यात शिरला. मनिषा दार धरून उभी राहिली.

"आबा, ऐकू येतंय?"

"येतंय. तिनं बोलावलं हुतं का?"

आवाज जायला आणि यायला वेळ लागत होता.

"कुठं?"

"रानात. शेळ्या बसवायला."

"न्हाय. मला वाटलं, चांगलंच करतोय."

"चांगलंच केलंस. पण बोलावल्याबिगर कुणाच्या रानात कळप बसत न्हाय. हितं न्हाय आन् तितं बी न्हाय. एवढं जनावराचं शिकलास, ह्ये कुणी शिकवलं न्हाय?"

"तुमीच न्हाय शिकवलं, आबा."

म्हस्कूनं रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. खरं होतं. त्यानं पोराला काठीला हातच लावू दिला नव्हता.

"ऐक," तो म्हणाला. "सुप्याकडं एकदा माझी मेंढरं एका बाईच्या मटकीत शिरली. म्या काठी तिच्या दारात आडवी ठिवली आन् बसलो. लई शिव्या दिल्या तिनं. म्या ब्र काढला न्हाय. दिवस कलला तवा तिनं काठी उचलून माझ्या हातात दिली. मग उठलो."

"आणि न्हाय दिली तर?"

"मग ये घरी."

पलीकडं नुसती खरखर. मग फोन तुटला.

"काय म्हणाला?" मनिषानं विचारलं.

"काठी हाय म्हणाला त्येच्याकडं," म्हस्कू म्हणाला. मल्हार असं काही म्हणालाच नव्हता.

पाच महिने म्हस्कू पोस्टमनची वाट बघत राहिला. दुसरं पाकीट त्यानं दिलं ते बाजाराच्या दिवशी, गावातल्या सोपानच्या हॉटेलातच. मनिषानं तिथंच फोडलं. आतला नवा फोटो म्हस्कूनं लगेच पटक्यात खुपसला आणि ती पत्र वाचू लागली. लितियाबाईंनी पहिल्या दिवशी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी काठी ओलांडून पाण्याला गेल्या. तिसऱ्या दिवशी उचलून दिली, आणि चल म्हणून पुढं झाल्या, बागेकडं. आता अळू छातीला लागतोय. चार घरं बोलवायला येतात. शेळ्या आधी कुणाकडं, यावरून बायकांची भांडणं मलाच सोडवावी लागतात. परत यायचं ते दोन वर्षं झाल्यावरच.

बाकावर दादासाहेब होताच.

"तात्या, ह्यो तरी फोटू दावणार का?"

म्हस्कूनं पटक्यात हात घातला. आधी जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. शेजारी नवा: उतारावरची बाग, खालच्या अंगाला बसलेल्या शेळ्या आणि भोवती बेटावरची माणसं.

दादासाहेबानं दोन्ही निरखले.

"ह्यात साहेब कुठला?"

म्हस्कूनं बोट ठेवलं.

"ह्यो. काठीवाला."

दादासाहेब हसायला लागला. मग फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हस्कूकडं बघितलं.

"तात्या, ह्ये तर तुमीच उभं हाय."

म्हस्कूनं चहा बशीत ओतला, फुंकला, तसाच ठेवला.

"मने, त्येला लिही," तो म्हणाला. "शेळ्या बागेच्या खालच्या अंगाला बसवल्यात. वरच्या अंगाला बसव म्हणावं. पाऊस खत खाली आणतो."

"आणि काय लिहू?"

"एवढंच."

सोपान टेबल पुसायला आला. म्हस्कूनं फोटो उचलले नाहीत.

"तेवढं सोडून पूस," तो म्हणाला.