वाळायला आठ दिवस

ताईने फुग्यावर अंगठा दाबला, तसा तो तिथून निसटून वीतभर पलीकडे जाऊन बसला. तिथे दाबला तर खाली सरकला. तिने हात काढून घेतला.

“सकाळपासून हेच चाललंय,” धाकटा भाऊ म्हणाला. “टाचणीने टोचून पाहिलं, पुन्हा येतात. दुपारी कॅफेवाला येणार मशीन न्यायला. ताई, तूच काहीतरी कर बाई.”

फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं, की व्हिडिओ गेमच्या मशीनच्या रंगाला जरा प्रॉब्लेम झालाय, लगेच ये. ती ब्रशांची पिशवी खांद्याला लावून धावतच आली. दुकानाच्या दारातून पाहते तर काय, रंग कुठे दिसतच नव्हता. मशीनच्या दोन्ही बाजूंना चकचकीत स्टिकर डकवलेले होते, आणि त्यांच्याखाली जागोजागी हवेचे फुगे आले होते. निळं आकाश, चंदेरी यान, मागे ज्वाळा. इंटरनेटवर ढिगाने मिळतं तसलं.

स्टिकरखाली तिचं चित्र होतं.

दोन महिने दोघं या मशीनमागे लागली होती. तो टीव्ही दुरुस्त करणारा. जुना स्क्रीन, जॉयस्टिक, बटणं त्याने जुळवली, प्लायवुड कापून माणसाच्या उंचीची पेटी उभी केली. रंगवणं अर्थातच ताईकडे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तिची उमर गेली होती, आणि छापील बोर्ड आल्यापासून सहा वर्षं ब्रश कोरडे पडले होते. “हे छापायचं नाही ताई, तुझ्या हातचंच पाहिजे,” असं तो म्हणाला, तेव्हा तिने त्याला उगाचच दोन शिव्या घातल्या आणि घरी जाऊन ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत टाकले.

लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात असंच एक मशीन होतं. याचा हात पुरायचा नाही. मग ती दुकानदाराची बादली पालथी घालून याला वर उभं करायची. दांडा तिच्या हातात, बटण याच्याकडे. कितीही ओरडा, हा आपला ते एकच बटण बडवत राहायचा, म्हणून नावच पडलं बटण्या. तीच बादली तिने आपल्या चित्रातल्या यानात रंगवली होती. बादलीवर पोरगा, शेजारी दांडा धरलेली दोन वेण्यांची पोरगी. नुसत्या वेण्यांवर दोन दिवस गेले होते.

“आठ दिवस हात लावायचा नाही,” शेवटचा हात मारल्यावर तिने बजावलं होतं. “ऑइल पेंट आहे. वरून वाळलेला दिसतो, आतून ओला असतो.” आज पाचवाच दिवस होता.

“तुझं कागदावरचं कच्चं चित्र बघूनच कॅफेवाला म्हणाला होता, हाताने केल्यासारखं दिसतं,” बटण्या म्हणाला. “पसंत पडलं तर आणखी दहा मशीनं घेणार आहे गं तो. दुकान तरेल माझं. मी तरी काय करू?”

“हाताने केलेलं हाताने केल्यासारखंच दिसणार. मला सांगायचंस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“बरं. आणि आता?”

बटण्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्या खिशातच होता.

ताईने स्टिकरच्या कडेवरून बोट फिरवलं. वरच्या बाजूला पेटी जिथे आत वळते, तिथेही कड अगदी काटेकोर बसली होती. ते वळण तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्रं जोडून दोन्ही बाजूंचा खाका तिनेच त्याला कापून दिला होता. धूळ बसू नये म्हणून कव्हर शिवायचंय, असं त्याने सांगितलं होतं. वळणावर कागद फाटला, तेव्हा तिने सगळा खाका नव्याने कापला. कव्हर काही आलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

“खाका यासाठी होता?”

तो एक फुगा अंगठ्याने दाबू लागला.

“तेव्हा मी नुसता पांढरा प्राइमर मारला होता, बटण्या. तेव्हाच बोलला असतास, तर ब्रश धुऊन घरी गेले असते.”

“तू किती खुशीत होतीस,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “इतक्या वर्षांनी. म्हटलं, रंगवू दे. रंगवून होईपर्यंत तरी…”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती पठ्ठ्याने. वर माया केल्याचा आव! ताईला हसूच आलं. तीन आठवडे हा तिला चहा आणून देत होता, वेण्या काय जमल्यात म्हणून कौतुक करत होता, आणि तिकडे स्टिकर छापायला गेले होते. रडणाऱ्या पोराच्या हाती खडू द्यावा, तसा त्याने तिच्या हाती ब्रश दिला होता.

“हेअर ड्रायर आहे?” तिने विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. “निघतील ना फुगे?”

“निघतील.”

तिने वरच्या कोपऱ्याला गरम हवा दिली आणि स्टिकर सावकाश ओढायला सुरुवात केली. त्याच्या पाठीला चिकटून ओला रंग सुटत गेला. आधी चांदण्या आल्या, मग यानाचं टोक, मग उलट्या बाजूने पोरगी, वेण्यांसकट. शेवटी बादली आली, आणि बादलीवरचा पोरगा.

“अगं ताई, हे काय! चित्र गेलं की!”

“कुठे गेलं? हे काय.”

दुसरी बाजूही तिने तशीच सोलून काढली. उरलेले ठिपके टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले. फडकं दुसऱ्यांदा फिरवून बोटाने तपासलं. मग चित्रांवर वर्तमानपत्र पसरून दोन्हींची सुरळी केली आणि ती काखेत मारली.

बटण्या पांढऱ्या पेटीकडे बघत उभा होता. “आता मी याच्यावर काय लावू?”

“दुसरे स्टिकर छापून घे. खाका आहेच तुझ्याकडे,” पायरी उतरता उतरता ताई म्हणाली. “आता खाली काही ओलं राहिलेलं नाही. छान बसतील.”