मनगट कुणीकडचं?

प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची बोटं सुजून टम्म झाली आणि घरात भलताच प्रश्न उभा राहिला: मनगट कमरेच्या वर धरायचं की खाली?

प्रश्न वेडगळ खरा, पण सुटका नव्हती. त्या भागात दोन इस्पितळं. पूर्वी दोन्हीकडे सगळेच विभाग होते आणि कुठेच धड कोणी भेटत नसे, म्हणून या महिन्यापासून कामाची वाटणी झाली होती. कमरेच्या वरची हाडं डोंगरापलीकडच्या इस्पितळात, कमरेखालची नदीकाठच्या. लोकांना समजायला सोपं जावं म्हणून असं केलंय, असं सांगायला एक बाई घरोघरी फिरून गेल्या होत्या. सासूबाई अंगणात घसरल्या तेव्हा प्लास्टर नदीकाठीच घातलं गेलं, कारण अपघाताला वर-खाली नसतं. पुढची तपासणी मात्र वाटणीप्रमाणे.

"आई, हात म्हणजे वरच," सून म्हणाली. तिचा शिवणकामाचा धंदा; मापात ती सहसा चुकत नसे. "डोंगरापलीकडे जाऊ."

"दोन गाड्या बदलून? तू जा, मी हात पाठवते तुझ्याबरोबर." सासूबाई उठून उभ्या राहिल्या. गळ्यात अडकवलेली झोळी त्यांनी काढून टाकली आणि हात खाली सोडला. "हे बघ. कुठे आलं मनगट? मांडीशी. मग?"

"आणि हात उचलला तर?"

"उचलतंय कोण? मोडलाय तो!"

सुनेने झोळी उचलून पिशवीत टाकली. खरं म्हणजे तिचाच गोंधळ उडाला होता. ती गिऱ्हाइकाचं माप घ्यायची तेव्हा बाहीचं टोक नेहमी कमरेच्या खालीच यायचं. नदीकाठ जवळ, दुखणाऱ्या माणसाला हेलपाटा कमी. ती तयार झाली.

गाडीत सासूबाईंनी हात मुद्दाम सीटखाली लोंबता ठेवला. सुनेने झोळी पुढे केली, तर त्या खेकसल्या, "छातीशी घेतला की खिडकीवरचा म्हणेल वरचा आहे. एवढं कळत नाही?"

खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "काय मोडलंय?"

"मनगट."

"डोंगरापलीकडे."

"अहो, बघा तरी! खाली आहे की नाही?" सासूबाईंनी हात आणखी ताणून दाखवला.

"आजी, उद्या तुम्ही डोक्यावर उभ्या राहिलात तर तुमचे पाय तिकडे पाठवू का?"

रांगेत हशा पिकला. सासूबाईही सोडणाऱ्या नव्हत्या. "मग खुद्द कंबर मोडली तर कुठे जायचं रे बाबा?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "ते मलाही अजून कोणी सांगितलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

आता सासूबाई याच्यावर काहीतरी बोलणार म्हणून सून वाट बघत राहिली. त्या बोलल्या नाहीत. तिने वळून पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं निळसर पडली होती. बोटाला दोरा करकचून गुंडाळला की होतात तशी.

"आई, बोटं हलवा."

"हलवतेच आहे," सासूबाई म्हणाल्या. बोटं जागची हलली नाहीत.

सून खिडकीकडे वळली. "डॉक्टर कुठे आहेत?" ती ओरडलीच.

"हाडांचे? दोन्हीकडे तेच एक आहेत," कारकून खिडकीतून अर्धा बाहेर आला. "आत्ता तिकडे निघालेत. मागच्या दाराशी गाडी असेल. पळा!"

गाडी फाटकातून बाहेर पडत होती. सून सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि शिवी अर्ध्यावर गिळली. डॉक्टरांनी उतरून, मागून पोचलेल्या सासूबाईंचा हात पाहिला, एक नख दाबून सोडलं. ते गुलाबी होता होईना.

"हात असा लोंबता कोणी ठेवायला सांगितला? त्यानेच सूज वाढली बोटांत. झोळी कुठे आहे?"

सुनेने पिशवीतून झोळी काढून पुढे केली. सांगायचं तरी काय!

दोन इस्पितळांत मिळून प्लास्टर कापायची मोठी कात्री एकच, तीही डॉक्टरांबरोबर ये-जा करायची. ती याच गाडीत होती. डॉक्टरांनी सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, प्लास्टर दोन्ही बाजूंनी उभं कापलं, आतला कापूसही उघडला, आणि दोन्ही भाग सैलसर पट्टीने बांधले. हात सीटच्या पाठीवर चढवून धरला. मग सगळेच बोटांकडे बघत बसले. अंगठा हलला. मग मधली दोन. करंगळी बराच वेळ मख्ख राहिली आणि शेवटी जराशी वाकली.

"मेले, कळ आली," सासूबाई करंगळीला म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. सुनेने पदराने त्यांचं तोंड पुसलं, मग त्याच पदराने आपलं.

"थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले. "सूज उतरली की नवीन प्लास्टर. परवा दाखवा."

"कुठे?" सुनेने विचारलं.

डॉक्टर बोटांवर दिवस मोजू लागले. "परवा मी सकाळी इथे... नाही, इथे पाय असतात. तुमचा हात. पण कात्री..." ते थांबले. "असं करा, रस्त्यावर उभ्या राहा. गाडी दिसली की हात दाखवा."

"रस्त्याच्या कुठल्या बाजूला?"

डॉक्टरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "साहेब, परवा कुणीकडून येऊ, ते मला उद्या कळणार आहे."