अनसूयाबाईंचा थर

मंगळवारी सकाळी अनसूयाबाई देवाला दूर्वा वाहून उठल्या, तेव्हा स्वयंपाकघराची जमीन मधोमध पालथ्या कढईसारखी फुगली होती. चूल उतरणीवर नीट उभी होती.

"आई, खाली तेल आलंय." सून केतकी जमिनीला कान लावून बसली होती. तेलविहिरींसाठी खडक तपासणं हीच तिची नोकरी. "वाळूच्या खडकात, कणाकणांमधून वर चढतंय. खालून पाणी रेटतंय त्याला."

"मग बाहेर का येत नाही?"

"तुमच्यामुळे. चिकणमातीतून तेल जात नाही, आणि चाळीस वर्षं तुम्ही रोज सारवताय. तुमचे थर त्याच्यावर झाकण होऊन बसलेत."

आधी सारवण, मगच दिवा. हा नेम अनसूयाबाईंनी तापातही मोडला नव्हता. त्यांची मान बोटभर उंच झाली, आणि तिच्याबरोबर जमीनही.

तेवढ्यात फुगवट्याच्या कडेने एक काळा ओघळ निघाला.

"एक थर गळतोय," केतकी म्हणाली. "दुपारपर्यंत सगळं तेल गावाच्या विहिरीत उतरेल."

अनसूयाबाईंनी कडेवरून नख फिरवलं. थर ओळखीचे होते. "हा मामंजी गेले तेव्हाचा. सुतकात माझा नेम बंद. गोदाक्कांनी सारवलं होतं."

शेजारच्या गोदाक्का दारातच उभ्या होत्या. "भेगा पडू नयेत म्हणून मूठभर वाळू घातली बाई! वाईट केलं का?"

"छे हो, अक्का," अनसूयाबाई म्हणाल्या. " भेगा नाहीच पडल्या. तेलाला वाट तेवढी झाली."

त्यांनी पदर खोचला. थर पापडाएवढाच जाड होता. त्यात आधी त्यांचा हात गेला, मग खांदा, मग त्या सगळ्याच गेल्या आणि फुगवट्यावर चहूकडे पसरल्या. पोटाशी तेल कोमट लागत होतं. ते दोनदा धडकलं आणि थांबलं. ओघळ सुकला.

"काय बाई तरी ही!" गोदाक्का म्हणाल्या. "आता जेवणार कशी?"

"आज उपासच आहे," जमिनीतून आवाज आला.

केतकीने हात जोडले. मग अवजारांची पेटी उघडली. "आई, आता तेल आपल्या मर्जीने काढता येईल. पण भोक अगदी फुगवट्याच्या माथ्यावर पडायला हवं." ती जमिनीवर बोट फिरवू लागली. वरच्या सगळ्या थरांतून ते अनसूयाबाईंना पाठीवर कळत होतं.

"जरा वर," त्या म्हणाल्या. "अजून. डावीकडे. हां, तिथेच."

केतकीने तिथे गिरमिटाचं पोलादी टोक टेकवलं. ते गार होतं. अनसूयाबाईंनी पाठ ताठ केली.