शिंप्याने बेतलेलं पातं

कार्यशाळेत तिसरं पातं मोडलं. फोरमनने वाऱ्याचा मोठा पंखा बंद केला आणि झाडू आणून तुकडे गोळा केले. गच्चीवर बसवायच्या छोट्या पवनचक्कीची पाती आखणारी अभियंता ती एकटीच, तेव्हा चूक कुणाची हे विचारायची सोयच नव्हती. पातं जाड केलं की मंद वाऱ्यात चक्की जागची हलेना, पातळ केलं की जोराच्या वाऱ्यात काडकन मोडे.

घरी आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. सासरे खिडकीशी बसून शेजारच्या मास्तरीणबाईंचा कोट उसवत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दुकान बंद झालं तरी हातातली सुई सुटली नव्हती.

"मोडलं वाटतं?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दार आपटलंस की."

तिला हसू आलं. मग तिने हातवारे करकरून सगळी रडकथा सांगितली. ते ऐकत होते, पण नजर बाहेर कपड्यांच्या दोरीकडे होती. दोरीच्या टोकाला एक चतुर बसला होता.

"दुपारपासून बघतोय याला," ते म्हणाले. "वाऱ्याने माझा शर्ट दोनदा खाली पाडला. हा पठ्ठ्या उडतो काय, वाऱ्यात तरंगतो काय, पुन्हा येऊन बसतो काय! पंख बघ, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. मोडत कसे नाहीत?"

खिडकीच्या चौकटीत सापडलेला मेलेल्या चतुराचा एक पंख त्यांनी काडेपेटीत ठेवला होता. भिंग लावून त्यांनी तो तिच्यापुढे धरला. पुढची कड दोरा घालून शिवल्यासारखी ताठ होती, मागे मात्र नुसती नाजूक जाळी.

"कॉलर अशीच करतो आम्ही. बुकरम, म्हणजे आतलं कडक कापड, सगळीकडे ठासलं तर गिऱ्हाईकाची मान कापते. जिथे हवं तिथे ताठ, बाकी मऊ. मऊ भाग वाकतो, म्हणून ताठ भागावर ताण येत नाही."

ती बघतच राहिली. तीन महिने ती अख्खं पातं सारखंच ताठ करत होती.

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना घेऊनच कार्यशाळेत गेली.

"ताई, आता शिंपी आणलात?" फोरमन म्हणाला. "उद्या न्हावी आणाल!"

"लागला तर सांगा," सासरे म्हणाले, "माझ्या ओळखीतला आहे एक."

ज्याचे थर राळेत भिजवून पातं घडवतात ते काचतंतूचं कापड त्यांनी आपल्या कात्रीनेच कापलं. पुढच्या कडेला सहा थर, मग चार, मग दोन, आणि मागच्या कडेला एकच, तोही उरेब, म्हणजे तिरका कापलेला. उरेब कापड ताणलं की वळतं, हे तिला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. पहिलं पातं फारच लुळं निघालं, झेंड्यासारखं फडफडलं. सासरे खजील झाले. तिनेच त्यांना चहा पाजला आणि मोजमापं पुन्हा मांडली. महिनाभर दोघं रोज सोबत जात होते.

शेवटी एका सकाळी फोरमनने पंखा हळू सोडला. झुळूक लागताच चक्की आपणहून फिरू लागली. मग वारा वाढवत नेला. पात्यांची मागची कड वाकून जास्तीचा वारा सोडून देई आणि पुन्हा सरळ होई. पंखा पूर्ण जोरात सुरू असताना फोरमन पुढे झाला आणि सासऱ्यांचा हात हातात घेऊन दाबत राहिला.

पात्याच्या नकाशावर 'आखणी' अशी ओळ असते, तिथे तिने सही केली. खाली नवी ओळ काढून 'बेतणी' लिहिलं आणि कागद सासऱ्यांपुढे सरकवला.

"माझी कसली सही? आणि हे काय, डोळे कशाला पुसतेस?"

"आभार मानायचे होते, बाबा."

"आभार परक्यांचे मानतात."

"मग घरच्यांचं काय करायचं?"

त्यांनी चष्मा चढवला, पेन दोनदा झटकलं आणि वळणदार अक्षरात सही केली.

चक्की एका दवाखान्याच्या गच्चीवर बसली त्या दिवशी चार जिने चढून ते वर आले. धाप लागली होती, तरी तासभर कठड्याला टेकून पात्यांकडे बघत उभे होते. ती शेजारी उभी राहिली. आपल्याला हा माणूस वडिलांच्या जागी मिळाला, एवढंच तिच्या मनात होतं.