पिअर्सचं दुकान होतं तिथून डावीकडे

लेट हार्बरमध्ये फोटो काढायला उत्तम अशा पाच जागा शोधायचं काम फिलोमिना हाइन्सकडे आलं, तेव्हा धुक्याचा अकरावा दिवस चालू होता. न्यूफाउंडलंडच्या त्या कोपऱ्यात याला कुणी खराब हवा म्हणत नाही. ‘आज जरा मऊ आहे’ म्हणतात आणि गाडीचे दिवे लावून दूध आणायला जातात.

फिलोमिना ही गावच्या कौन्सिलची एकुलती एक नोकर. पाणीपट्टी, कुत्र्यांचे परवाने, स्मशानाची किल्ली आणि मेयरचा मूड, एवढी खाती तिच्याकडे होती. त्यात आता सौंदर्य आलं.

“सोमवारी पर्यटन मंडळाची बाई येतेय,” मेयर जेराल्ड स्टकलेस म्हणाले. “तिला जागा पटल्या तर आपल्याला फलक मिळणार. निळा. त्यावर कॅमेऱ्याचं चित्र.”

“आणि मग?”

“मग काय? मग आपल्याकडे फलक असणार.”

मेयर पुढे म्हणाले, “एक नंबरची जागा मी ठरवून टाकलीय. धक्क्यावर होणारं नवं पार्किंग. तिथून अख्खं बंदर दिसतं. मध्ये तेवढी अँब्रोसची शेड तडमडते. ती मंगळवारी पाडू.”

फिलोमिनाच्या हातातलं पेन थांबलं. अँब्रोस कीपिंगची मासळीची शेड साठ वर्षं खांबांवर उभी होती. कमी ऐकू येणारा माणूस बोलणाऱ्याकडे कलतो तशी ती समुद्राकडे कललेली होती. अँब्रोसकाकांनी मासेमारी सोडून पंधरा वर्षं झाली होती, पण सकाळी सातला ते शेडमध्ये येत, चूल पेटवत, आणि कुणीही पाण्यात टाकणार नाही असं एक जाळं संध्याकाळपर्यंत दुरुस्त करत. टेकडीवर त्यांचं चांगलं घर होतं. “तिथे मी झोपतो,” ते म्हणत. “राहतो इथे.”

“काका दिवसभर असतात हो तिथे,” फिलोमिना म्हणाली.

“मग पार्किंगमध्ये बसू दे. बाक देऊ आपण. चांगला, हात टेकायला लाकूड असलेला.”

“आणि पत्त्यांचं काय? निम्मं गाव त्या शेडवरून पत्ता सांगतं.”

“हे बघ,” मेयर समजावणीच्या सुरात म्हणाले, “वस्तू पाडली म्हणून खूण कुठे जाते? पिअर्सचं दुकान जाऊन चाळीस वर्षं झाली. चुकलंय का कुणी अजून?”

कुणीच चुकलं नव्हतं. फिलोमिनाला हा युक्तिवाद मुळीच आवडला नाही, आणि त्यात चूकही सापडेना.

ती वही घेऊन गावभर फिरली. धुक्यात स्वतःला काही दिसणं शक्य नव्हतं, तेव्हा कुठून काय दिसतं हे लोकांनाच विचारायचं होतं. लोक पाठ असल्यासारखे सांगत होते. ब्लांशमावशी दारातूनच म्हणाली, “चर्चच्या पायरीवर उभी राहा गं, दोन्ही बेटं दिसतात.” चर्च एकसष्ट साली जळालं होतं. मावशीचा नवरा आतून ओरडला, “पायरीवर नको, घंटेच्या खाली! पायरीवरून धाकटं बेट दिसत नाही.” त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. फिलोमिनाने शेवटी ‘घंटेच्या खाली’ असं लिहिलं, कारण मावशीचा नवरा कधीकाळी ती घंटा वाजवायचा.

असं करत, मेयरची धरून, चार जागा झाल्या. पाचवी विचारायला ती शेडमध्ये गेली. अँब्रोसकाकांनी डब्यातलं घट्ट दूध घालून चहा केला आणि समुद्राकडचं दार उघडलं. बाहेर पांढऱ्या चादरीपलीकडे काही नव्हतं.

“ही पाचवी,” ते म्हणाले. “लिहून घे. याच्यापेक्षा चांगलं अख्ख्या किनाऱ्यावर नाही.”

“काका, मंगळवारी…”

“माहितीये मला. जेराल्ड येऊन गेला. बाक देतोय म्हणे.” त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. “हात टेकायला लाकूड असलेला.”

फिलोमिनाने चहा संपवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पाच: अँब्रोसच्या शेडचं समुद्राकडचं दार.’ वहीवरून केलेला नकाशा मेयरनी वाचला, मान डोलावली, आणि पाचव्या जागेपुढे पेन्सिलने कंसात लिहिलं, ‘मंगळवारपर्यंत’.

सोमवारी डेल्फीन रोशाँ आली. ओंटॅरिओकडची, चष्मा, तीन भिंगांची पेटी आणि गुण भरायचा एक तक्ता. मंडळाचा नियम असा होता की जागा तिने एकटीनेच शोधायच्या, नवख्या पाहुण्यासारखं. फिलोमिनाने तिला नकाशा दिला. सकाळच्या दहाला डेल्फीनबाई धुक्यात शिरल्या आणि तिसऱ्या पावलाला दिसेनाशा झाल्या.

साडेदहाला फोन वाजला.

“इथे लिहिलंय, पिअर्सच्या दुकानाकडून डावीकडे. मला दुकान सापडत नाहीये.”

“तुम्ही आता कुठे उभ्या आहात?”

“मोकळी जागा आहे. गवत आहे. एक बोकड आहे.”

“हां, तेच दुकान,” फिलोमिना म्हणाली. “आता डावीकडे.”

पलीकडे बोकड ओरडला आणि फोन बंद झाला.

अकराला दुसरा फोन. “घंटेच्या खाली म्हणजे कुठल्या घंटेच्या?”

“चर्चच्या.”

“चर्च कुठेय?”

“ते नाहीये.”

“घंटा?”

“ती मोंक्टनला एका हॉटेलात आहे म्हणतात. तुम्ही फक्त खाली उभ्या राहा.”

फिलोमिनाने फोन ठेवला. आपण काय लिहून बसलोय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. तिने नकाशाची प्रत काढून प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. दुकान नाही. चर्च नाही. मासळीचा कारखाना नाही. टॉबियासची गाय तर फिलोमिनाच्या जन्माआधीच गेलेली, तरी ती रोज जिथे चरायची तिथून तिसऱ्या जागेला वळायचं होतं. कौन्सिलच्या सातही सदस्यांनी हा नकाशा तपासून सही केली होती. पूर्ण नकाशात आज जमिनीवर उभी असलेली वस्तू एकच होती, आणि तिच्यापुढे ‘मंगळवारपर्यंत’ लिहिलं होतं.

ऑफिसला कुलूप घालून ती धक्क्याकडे पळाली.

डेल्फीनबाई शेडमध्येच होत्या. ओले बूट चुलीजवळ, पायांत काकांचे लोकरी मोजे, हातात चहा. दार सताड उघडं होतं. अँब्रोसकाका बोट दाखवत होते आणि बाई त्या बोटाच्या दिशेने धुक्याचे फोटो काढत होत्या.

“जरा डावीकडे घ्या बाई. हां. इथे मोठा खडक. त्यावर पाणकावळे, पंख पसरून, धुतलेले कोट वाळत घातल्यासारखे. काढलात?”

“काढला,” बाई म्हणाल्या. खटक्.

“आता उजवीकडे दीपगृह. पांढरं, लाल टोपी. त्याच्या मागून संध्याकाळचा उजेड येतो तो अगदी लोण्यासारखा असतो.”

खटक्.

“बाई,” फिलोमिना दारातूनच म्हणाली, “नकाशा चुकला. माझीच चूक आहे.”

“शू,” डेल्फीनबाई म्हणाल्या. “आत्ता होड्या येतायत.”

एवढ्यात मेयर पोचले. बोकडाशी बोलणारी परकी बाई लोकांनी पाहिली होती, त्यावरून माग काढत ते आले होते. “माफ करा हं बाई, एक नंबरची जागा अजून तयार नाही,” ते म्हणाले. “उद्या ही शेड काढली की बघा कसं मोकळं…”

“काढणार?” बाईंनी कप खाली ठेवला. “स्टकलेससाहेब, मी दीड तास तुमच्या गावात हिंडतेय. मला पाच जागांपैकी एक सापडली. कारण ती आहे.” त्यांनी तक्ता ओढला. “फलक इथेच लागेल, याच भिंतीवर. आणि फलक लागलेली वास्तू पाडता येत नाही. नियम नऊ.”

फलक हवा होता मेयरनाच.

अँब्रोसकाकांनी चुलीत एक लाकूड जास्तीचं घातलं, एवढंच. फिलोमिना जाळ्याच्या ढिगावर बसली.

तेवढ्यात वारा फिरला. चौदा दिवसांचं धुकं पाण्यावरून उठलं. आधी खडक आला, त्यावर खरंच पाणकावळे. मग लाल टोपीचं दीपगृह. आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये, बंदराच्या पलीकडच्या काठावर, दाराच्या चौकटीत अगदी मोजून बसवल्यासारखं, भलंमोठं, नारिंगी पत्र्याचं गॅरेज.

डेल्फीनबाईंनी कॅमेरा खाली घेतला. “हे तुम्ही सांगितलं नाहीत.”

“ते होय?” अँब्रोसकाका म्हणाले. “ते नवीन आहे.”

“कधीचं?”

“अठ्ठ्याऐंशीचं.”

मेयर दारापाशी गेले. या शेडमध्ये ते कधी आत आलेच नव्हते. नेहमी बाहेरून बोलून जायचे. ते बराच वेळ बघत राहिले.

“काय हे,” ते म्हणाले. “कुणी बांधलं हे असं?”

“तूच,” अँब्रोसकाका म्हणाले.

“माझं इतकं मोठं आहे?”

“पाडलंस तरी खूण कुठे जातेय, जेराल्ड.” काकांनी त्यांच्यासाठी कप काढला. “बस. दूध घालू ना?”

गॅरेज काही पडलं नाही. आत मेयरची होडी, दोन स्नोमोबाइल आणि बायकोच्या सगळ्या बरण्या-भांडी होती. पण दुसऱ्या आठवड्यात मेयरनी स्वतः शिडीवर चढून ते धुक्याच्या रंगाचं रंगवलं. फोटोत आता ते येत नाही. मऊ हवेच्या दिवशी ते डोळ्यांनाही दिसत नाही, आणि पोस्टाची गाडी त्याला आतापर्यंत दोनदा धडकलीय.

नवा नकाशा करायचं काम पुन्हा फिलोमिनाकडेच आलं. या वेळी तिने ठरवलं होतं, फक्त आहे तेच लिहायचं. ती वही घेऊन ब्लांशमावशीच्या दारात उभी राहिली.

“सोपं आहे गं,” मावशी म्हणाली. “नारिंगी गॅरेज होतं ना, तिथून डावीकडे.”

फिलोमिनाने मागे वळून पाहिलं. गॅरेज तिथेच उभं होतं, करडं आणि शांत. तिने वहीत लिहून घेतलं.